प्रथिन स्फटिक घडवतं की अडवतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही मुंबईत एम.एस्सी.चा प्रकल्प करताय. माहीमच्या बाजारातून तिसऱ्या (खाण्याचे लहान शिंपले) आणल्या, वाफवून मांस काढलं, शिंपल्यांची पूड करून ती ईडीटीए या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनात विरघळवली आणि डायलिसिस केलं, म्हणजे द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवलं, की लहान रेणू बाहेर जातात. जो अर्क उरला तो कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात घालून, अमोनियम कार्बोनेट ठेवलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे झाकणाच्या बंद काचपात्रात, रात्रभर ठेवलात. नुसत्या द्रावणात कॅल्साइटचे (हे कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप) सुबक, सरळ कडांचे स्फटिक आले. अर्क घातलेल्यात गोल, दाणेदार गुच्छ आले. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, मात्र बहुतेक कॅल्साइटच दिसतंय आणि थोडं व्हॅटेराइट, म्हणजे त्याच पदार्थाचं दुसरं रूप. तिसरीचं कवच तर अ‍ॅरागोनाइटचं असतं, मग अ‍ॅरागोनाइट का आलं नाही? आणि जे आलं ते प्रथिनामुळेच, हे परीक्षकांना कसं पटवायचं?

मी मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत पंचवीसहून जास्त वर्षं शिंपले, अंड्याची टरफलं आणि मुतखडे यांवर काम करते आहे. तुमचा प्रयोग फसलेला नाही. पण ‘प्रथिनामुळे आकार बदलला’ या एका वाक्यात तुम्ही तीन वेगळे प्रश्न कोंबले आहेत. प्रथिनानं नवा स्फटिक सुरू करून दिला का? आधीच सुरू झालेल्या स्फटिकाची एखादी बाजू अडवली का? की स्फटिकाला स्पर्शही न करता द्रावणातलं कॅल्शियम धरून ठेवलं आणि त्यामुळे सगळा वेगच बदलला? या तिन्हींतून सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच गोल गुच्छ दिसू शकतो. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील, आणि ठेवायलाच हवं.

आधी अ‍ॅरागोनाइटचं बघू, कारण त्याचं निम्मं उत्तर आपल्या समुद्रातच आहे. कॅल्शियम कार्बोनेट एकच, पण त्याचे अणू तीन तऱ्हांनी रचले जातात: कॅल्साइट, अ‍ॅरागोनाइट आणि व्हॅटेराइट. साध्या तापमानाला आणि दाबाला सगळ्यात स्थिर कॅल्साइट. मोकळ्या, शुद्ध द्रावणात तेच येणार. समुद्राचं पाणी मात्र शुद्ध द्रावण नव्हे. त्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे साधारण पाच असतात, आणि मॅग्नेशियम कॅल्साइटच्या वाढीत अडथळा आणतं. म्हणून समुद्रात आपोआप जे साखळतं ते बहुधा अ‍ॅरागोनाइट असतं. आता खडकाला चिकटलेलं कालव आणि चिखलातली तिसरी शेजारी शेजारी ठेवून बघा. पाणी एकच, पण तिसरीचं कवच अ‍ॅरागोनाइटचं आणि कालवाचं बहुतांशी कॅल्साइटचं. म्हणजे नवल वाटायला हवं ते कालवाचं! इतक्या मॅग्नेशियममध्ये ते कॅल्साइट बनवतं तरी कसं?

याचा एक धागा मोत्यांच्या शिंपल्यात सापडला. त्याच्या कवचाचा बाहेरचा थर कॅल्साइटचा आणि आतला चकचकीत थर अ‍ॅरागोनाइटचा असतो. एकच प्राणी दोन्ही बनवतो. बाहेरच्या थराशी संबंधित अ‍ॅस्पाइन नावाच्या प्रथिनात सुमारे ६० टक्के घटक अ‍ॅस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाचे आहेत. मॅग्नेशियम भरपूर असलेल्या, एरवी अ‍ॅरागोनाइटच देणाऱ्या द्रावणात ते घातलं तर कॅल्साइट येतं. तुमच्या बशीत मॅग्नेशियम अजिबात नाही. तिथे कॅल्साइट येणं हे प्रथिनाचं अपयश नाही, आणि त्याचा पुरावाही नाही. ते तसंही येणारच होतं.

दुसरी गोष्ट चौकटीची, म्हणजे कवचात खनिज ज्या न विरघळणाऱ्या सेंद्रिय जाळीवर वाढतं तिची. १९९६ साली या विषयातले दोन महत्त्वाचे निबंध आले. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या लिया अदादी आणि स्टीव्ह वायनर यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की अ‍ॅरागोनाइटच्या थरातून काढलेली प्रथिनं कायटिन (खेकड्याच्या कवचात असतं ते) आणि रेशमाचं प्रथिन यांच्या चौकटीवर बसवली की अ‍ॅरागोनाइट येतं, आणि कॅल्साइटच्या थरातली बसवली की कॅल्साइट. त्याच वर्षी अँजेला बेल्चर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅबलोनी या शंखावर काम करून म्हटलं की विरघळलेली प्रथिनं एकटीच पुरतात, चौकट लागत नाही. दोन्ही कामं चोख आहेत. प्राणी वेगळा, मांडणी वेगळी, म्हणून निष्कर्ष वेगळे. तेव्हा ‘तिसरीचा अर्क घातला की अ‍ॅरागोनाइट यायला हवं’ असा नियम कुणीच दिलेला नाही. तो तुम्ही मनानं धरलात, आणि त्यापायी स्वतःच्या निकालावर उगाच नाराज झालात.

आता मुख्य मुद्दा, प्रथिन करतं काय. संक्रांतीचा हलवा घरी केलेला पाहिला असेल तर हे चटकन कळेल. गिरगावात आमच्याकडे आई मंद आचेवर तीळ ठेवून चमचा चमचा पाक सोडायची आणि हात सतत फिरता ठेवायची. पाक साखरेनं इतका भरलेला असतो की साखर बाहेर पडायला जागा शोधतच असते, आणि तिळाचा पृष्ठभाग ती जागा देतो. काटा हळूहळू फुटतो. पाक भराभर ओतला की काटा न येता गोळे होतात. तीच आई गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळायची, पाकाची परत साखर होऊ नये म्हणून. लिंबाच्या आंबटपणानं थोड्या साखरेचे दोन तुकडे होतात आणि ते परके रेणू स्फटिकाच्या आड येतात. तीळ साखरेला बसायला जागा देतो, लिंबू तिला बसू देत नाही. खनिजाच्या बाबतीत तिळाचं आणि लिंबाचं, अशी दोन्ही कामं एकच प्रथिन करू शकतं. द्रावणात मोकळं फिरत असेल तर ते बहुधा अडवतं. चौकटीवर बसवलेलं असेल तर तेच स्फटिकाला पाया देतं. हे माझ्या हातांनी इतक्यांदा पाहिलंय की कुठलाही प्रयोग वाचताना मी पहिल्यांदा हेच बघते: प्रथिन मोकळं होतं की बसवलेलं? तुमच्याकडे मोकळं आहे. म्हणून पायापेक्षा अडवण्याची शक्यता जास्त धरा.

अडवणं कसं चालतं हे मी पहिल्यांदा एएफएमच्या, म्हणजे सूक्ष्म सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, पडद्यावर पाहिलं. पारदर्शक कॅल्साइटचा तुकडा पात्यानं फोडला की आरशासारखी सपाट बाजू मिळते. तिच्यावरून अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त खनिज विरघळलेलं, द्रावण संथपणे वाहतं ठेवायचं. थोड्या वेळानं पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांचे छोटे ढीग उगवतात. प्रत्येक पायरीची उंची साधारण ०.३ नॅनोमीटर, केसाच्या जाडीत अशा दोनेक लाख पायऱ्या बसतील. स्फटिक वाढतो म्हणजे या पायऱ्या पुढे सरकतात, त्यांच्या कडेला आयन येऊन बसतात. सपाट भागावर सहसा काहीच घडत नाही, जे घडतं ते कडेला. द्रावणात अ‍ॅस्पार्टिक आम्ल सोडलं की मिनिटभरात सरळ कडा वाकड्या व्हायला लागतात, कोपरे गोल होतात. २००१ साली अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की या आम्लाच्या डाव्या आणि उजव्या रूपांनी एकमेकांचे आरशातले आकार तयार होतात. म्हणजे रेणू वाटेल तिथे चिकटत नाही, कोणत्या कडेला बसायचं हे त्याच्या घडणीनं ठरतं. तो पडदा मी पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप आली नव्हती.

कडेवर प्रथिनाचे रेणू खुंट्यांसारखे बसतात. दोन खुंट्यांमधून पायरीला पुढे जायचं असेल तर तिला फुगून बाहेर यावं लागतं. जागा फार अरुंद असेल तर तो फुगवटा इतका वाकतो की टिकत नाही, विरघळून परत येतो, आणि पायरी तिथेच थांबते. हे गणित काब्रेरा आणि व्हर्मिलिया यांनी १९५८ मध्येच मांडलं. यातली कळीची गोष्ट अशी की अतिसंपृक्तता वाढली की त्याच दोन खुंट्यांमधून पायरी निसटू शकते. लोकलच्या दारात दोघं उभे असले तर दुपारी कुणी आत घुसत नाही. सकाळी साडेनऊला मागचा रेटाच इतका असतो की माणसं त्यांच्यामधून आत येतातच. म्हणून ‘हे प्रथिन कॅल्साइट थांबवतं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. किती प्रथिन, किती संपृक्त द्रावण आणि सुरुवातीपासून किती वेळ गेला, हे तिन्ही सांगावं लागतं. डेसिकेटरमध्ये तर संपृक्तता रात्रभर बदलत असते. पहिल्या तासात प्रथिनानं अडवलेली बाजू सहाव्या तासाला सुटलेली असू शकते. तुमचे गुच्छ त्या बदलत्या रेट्याचंच फळ असतील, अशी मला दाट शंका आहे.

अ‍ॅस्पार्टिक आम्लच इतकं का दिसतं? त्याच्या टोकाच्या कार्बोक्सिल गटावर ऋण भार असतो आणि कॅल्शियमवर धन. शिंपल्याच्या विरघळणाऱ्या प्रथिनांत असे गट ओळीनं असतात. पण हीच गोष्ट तुमच्यासमोर अडचण उभी करते, कारण कार्बोक्सिल गट आहेत असं काहीही बशीत पडलं तरी कॅल्साइटचा आकार बदलतो. ईडीटीएच्या एका रेणूत असे चार गट असतात!

इथे माझी गोष्ट सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका शिंपल्याचा अर्क ईडीटीएनं काढला, तीन दिवस डायलिसिस केलं आणि लांबट, निमुळते, अप्रतिम स्फटिक मिळवले. आठ महिने त्यावर काम केलं, तक्ते केले, छायाचित्रं काढली. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सहज विचारलं, ‘डायलिसिसच्या शेवटच्या दिवशीचं बाहेरचं पाणी घालून पाहिलंस का?’ पाहिलं नव्हतं. ते घातलं तर तसेच निमुळते स्फटिक आले. पिशवीच्या बाहेर प्रथिन नव्हतंच. होतं ते उरलेलं ईडीटीए. हा पदार्थ प्रथिनाला आणि कॅल्शियमला धरून राहतो आणि डायलिसिसमधून फार हळू जातो. ते आठ महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून इतकं लिहिते आहे.

शिवाय तिसरीच्या जातीच्या कवचात सेंद्रिय भाग फारच कमी, सहसा एक टक्क्याहूनही कमी. मोत्याच्या थरात तो पाच टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तुमच्या अर्कात कवचातलं प्रथिन चिमूटभर, आणि तुम्ही वाफवून मांस काढलंत तेव्हा पृष्ठभागावर चिकटलेलं मांसाचं प्रथिन कदाचित त्याहून जास्त. पूड करण्याआधी शिंपले सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) बुडवून ठेवायला हवे होते. स्फटिकांच्या आत बंदिस्त असलेलं प्रथिन त्यातून वाचतं, बाहेरचं जातं. मग भरपूर धुऊन पूड करायची. विरघळवायला यावेळी थंड, विरळ अ‍ॅसेटिक आम्ल वापरा. त्याचा मागमूस डायलिसिसमध्ये लवकर जातो. डायलिसिसची नळी आधी सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात उकळून घ्या, नवीन नळीत ग्लिसरीन आणि गंधकाची संयुगं असतात.

तुलनेच्या बशा नीट लावल्या की परीक्षकांचा प्रश्न जवळजवळ सुटतो. एक नुसती, एक डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याची, एक तितक्याच वजनाच्या बोव्हाइन सिरम अल्ब्युमिनची (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाची), कारण कोणतंही प्रथिन चालतं की शिंपल्यातलंच लागतं हे त्यातून कळतं. एक अर्क गाळणीतून काढून, ३,००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) लहान रेणू तेवढे ठेवलेली. आणि एक प्रोटिनेज, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, घालून पचवलेल्या अर्काची, सोबत नुसत्या प्रोटिनेजची, कारण तेही प्रथिनच. पचवल्यावरही परिणाम राहिला तर घाबरू नका. आम्लधर्मी प्रथिनाचे तुकडेसुद्धा आम्लधर्मीच असतात आणि काम करतात. अर्क उकळून ‘आता प्रथिन मेलं’ असं समजण्याची चूक तर फार जण करतात. यातली बरीच प्रथिनं मुळातच घडी न पडलेली, सैल असतात. उकळून त्यांचं काही बिघडत नाही. आणि शिंपल्याच्या अर्कात गंधक असलेल्या शर्कराही असतात, त्यांच्यावरही ऋण भार असतो. त्या वेगळ्या करायला जमत नसेल तर निबंधात ‘प्रथिन’ न लिहिता ‘विरघळणारा सेंद्रिय अंश’ लिहा. तेवढा प्रामाणिकपणा परीक्षकांना फार आवडतो.

व्हॅटेराइटबद्दल थोडं. ते पाण्यात टिकत नाही, तासातासानं त्याचं कॅल्साइट होत जातं. म्हणून दोन, सहा आणि चोवीस तासांनी वेगवेगळ्या काचपट्ट्या बाहेर काढा, लगेच धुऊन वाळवा. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) ७४५ ची रेघ व्हॅटेराइटची, ७१२ आणि ८७५ ची जोडी कॅल्साइटची. ८५६ दिसली तर अ‍ॅरागोनाइट. सुरुवातीला व्हॅटेराइट भरपूर आणि शेवटी कमी असं दिसलं, तर तुमचे गुच्छ आधी व्हॅटेराइटचे असून नंतर बदलले असतील. मग प्रश्नच बदलतो: प्रथिनानं कॅल्साइटचा आकार बदलला की व्हॅटेराइटला जास्त वेळ जगवलं? निसर्गातही असं होतं. समुद्री अर्चिनच्या अळ्यांचे काटे आधी अस्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि मग कॅल्साइट होतात, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं.

मुंबईच्या हवेचंही बघा. पावसाळ्यात अमोनियम कार्बोनेटची बाटली उघडी राहिली की पूड दमट होते, अमोनिया उडून जातो आणि पुढच्या आठवड्याचा प्रयोग मागच्यासारखा येत नाही. रात्री एसी बंद होतो तिथे डेसिकेटरचं तापमान वरखाली होतं. पुडीजवळच्या बशीला वायू आधी मिळतो, लांबच्या बशीला उशिरा. म्हणून नुसत्या द्रावणाच्या आणि अर्काच्या बशा मिसळून ठेवा, एका कोपऱ्यात एकच प्रकार नको.

हे वाचणाऱ्यांत कुणाला मुतखडा झालेला असेल, तर त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण गोष्ट तीच आहे. निरोगी माणसाची लघवीसुद्धा कॅल्शियम ऑक्झलेटनं अनेकदा अतिसंपृक्त असते, तरी प्रत्येकाला खडा होत नाही. सायट्रेट, ऑस्टिओपाँटिन, युरोमोड्युलिन असे पदार्थ तिथे मोकळे फिरतात आणि पायऱ्या अडवतात. ऑस्टिओपाँटिनमुळे एका पाण्याच्या रेणूच्या ऑक्झलेटऐवजी दोन पाण्याच्या रेणूंचं रूप जास्त येतं, आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींना कमी चिकटतं. तोंडातही तसंच आहे. लाळ दाताच्या खनिजानं अतिसंपृक्त असते, आणि ४३ अमिनो आम्लांचं स्टॅथेरिन तिला जागच्या जागी साखळू देत नाही. शरीरात प्रथिनांचं निम्मं काम खनिज बनवण्याचं नसून जिथे नको तिथे बनू न देण्याचं आहे. खडा होण्यात मात्र पाणी, आहार, आनुवंशिकता असं बरंच काही गुंतलेलं असतं. त्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच.

आता तुमच्याकडे सत्र संपायला किती वेळ आहे मला ठाऊक नाही. तीनच आठवडे असतील तर सगळं करायला जाऊ नका. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याची बशी आज संध्याकाळीच लावा. पाणी ओतून दिलं असेल तर उरलेल्या अर्काचं ताज्या पाण्यात पुन्हा डायलिसिस करा आणि दुसऱ्या दिवशीचं बाहेरचं पाणी जपून ठेवा. सकाळी त्या बशीत सरळ कडांचे स्वच्छ स्फटिक दिसले तर अल्ब्युमिनच्या बशीकडे वळा. गोल गुच्छ दिसले तर नवीन तिसऱ्या आणा, आणि यावेळी हायपोक्लोराइटपासून सुरुवात करा.